आकडे कोणाचे, वही कोणाची?

कर्जत किंवा खोपोलीहून सकाळच्या लोकलमध्ये चढणारा माणूस मुंबईला पोहोचेपर्यंत दोन तास तरी गाडीत असतो. या दोन तासांत पत्ते होतात, भजन होते, राजकारण होते आणि क्रिकेट तर होतेच होते. कालचा सामना कोणी जिंकला हे दोन स्टेशनांत संपते. पुढे रंगते ती आकड्यांची चर्चा. ब्रॅडमनची सरासरी शंभर का झाली नाही? शेवटच्या डावात फक्त चार धावा हव्या होत्या. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर होलिसने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केले आणि सरासरी ९९.९४ वर कायमची थांबली. बापू नाडकर्णींनी सलग निर्धाव षटके किती टाकली? १९६४ च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध एकवीस. त्या डावात त्यांची षटके ३२, निर्धाव २७, धावा ५ आणि बळी एकही नाही. असे आकडे ज्याला तोंडपाठ असतात त्याला डब्यात मान असतो. बसायला जागाही मिळते.

चळवळीच्या वाचकाला या रिकामपणच्या उद्योगाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की कर्तव्य आहे, आणि ते चांगलेच आहे. आम्ही वकिली करतो. आमचा रोजचा संबंध कागदाशी येतो. सातबारा, फेरफार, जन्मनोंद, शाळेचा दाखला, यांत काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही यानेच गरिबांचे दावे बुडतात. खेळाचा आकडा हाही अखेर एक कागदच आहे. तो कोणीतरी लिहिला, कोणीतरी जपला, कोणीतरी मान्य केला. आणि कोणाचा तरी आकडा कोणीच लिहिला नाही. ही चर्चा करताना आपल्या लोकांनी एवढे भान ठेवले तर लोकलच्या डब्यातही समाजशास्त्राचा एक तास होऊन जाईल.

साधा प्रश्न घ्या. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामन्यात पहिले द्विशतक कोणी केले? डब्यातले दहापैकी नऊ जण सचिन तेंडुलकरचे नाव घेतील. २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर, नाबाद २००. उत्तर चूक आहे. ते द्विशतक त्याआधी बारा वर्षे झाले होते आणि तेही आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. १६ डिसेंबर १९९७ रोजी महिलांच्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाच्या बेलिंडा क्लार्कने डेन्मार्कविरुद्ध नाबाद २२९ धावा केल्या. आकडा पुस्तकात होता, मैदान आपल्या शहरात होते, तरी तो आमच्या तोंडी बसला नाही. कारण प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात खेळाडू म्हणजे पुरुष हे आधीच ठरलेले असते. पुस्तकात असलेल्या बाईची ही गत, तर पुस्तकातच नसलेल्यांचे काय होत असेल?

आता आपल्या महाराष्ट्राच्या संघाचा विक्रम पाहू. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. त्या वेळी प्रथम श्रेणीतला जागतिक विक्रम ब्रॅडमनचा होता, नाबाद ४५२. दहा धावा केल्या की निंबाळकर पुढे जाणार होते. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या आणि जेवणाची सुटी झाली. काठेवाडचे कर्णधार होते राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणजे संस्थानिक. आपल्या संघाची नामुष्की त्यांना सोसवेना. त्यांनी सामना सोडून दिला आणि संघ घेऊन निघून गेले. निंबाळकर ४४३ वरच राहिले. पुढे ते एकही कसोटी खेळले नाहीत. आज भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली सर्वोच्च धावसंख्या म्हणून हा आकडा सांगतात. आकड्यासोबत ही गोष्टही सांगितली पाहिजे की खेळ कधी थांबवायचा हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता, त्याने एका खेळाडूच्या कष्टापेक्षा स्वतःची अब्रू मोठी मानली.

१९८८ च्या फेब्रुवारीतल्या आझाद मैदानावरच्या ६६४ धावांच्या भागीदारीची कथा तर घरोघर माहीत आहे. हॅरिस शील्डचा उपांत्य सामना, शारदाश्रमचा तेंडुलकर नाबाद ३२६, कांबळी नाबाद ३४९. विनोद कांबळीने त्याच सामन्यात नंतर ३७ धावांत ६ बळीही घेतले, हे मात्र फार थोडे लोक सांगतात. पुढचा फलंदाज पॅड बांधून बसून राहिला, त्याचे नाव अमोल मुझुमदार. त्याला फलंदाजी मिळालीच नाही. हा मुलगा पुढे प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा करूनही भारतासाठी एकही सामना खेळला नाही. तीच गत पद्माकर शिवलकरांची. ५८९ बळी, सरासरी १९.६९, कसोटी शून्य. मुझुमदारांच्या वाट्याला निदान वेगळा दिवस आला. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाचे प्रशिक्षक मुझुमदार होते.

कांबळीचा विषय निघाला की आमच्या कट्ट्यांवर आवाज चढतात. म्हणून आकडे नीट मांडू. पहिल्या सात कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३.२९. मुंबईत इंग्लंडविरुद्ध २२४, दिल्लीत झिम्बाब्वेविरुद्ध २२७, कोलंबोत श्रीलंकेविरुद्ध १२५. लागोपाठच्या तीन डावांत तीन वेगळ्या देशांविरुद्ध तीन शतके. चौदा डावांत हजार धावा, आणि भारतीयांत तो वेग आजही कोणी गाठलेला नाही. १९९५ च्या नोव्हेंबरात कटकला शेवटची कसोटी, वय २३. एकूण १७ कसोटी, १,०८४ धावा, सरासरी ५४.२०. एवढ्या सरासरीच्या खेळाडूला तेविसाव्या वर्षी कायमचे बाहेर का ठेवले, हा प्रश्न रास्त आहे. पण त्याच वहीचे दुसरे पानही वाचले पाहिजे. शेवटच्या दहा कसोटींत २९१ धावा, सरासरी बावीसच्या आसपास. कोणी भेदभाव म्हणतो, कोणी उसळत्या चेंडूची अडचण म्हणतो, कोणी शिस्तीचे कारण देतो. आकडा कारण सांगत नाही. दहा वाईट कसोटींनंतर दुसऱ्या कोणाला आणखी संधी मिळाली आणि कोणाला मिळाली नाही, याची यादी शेजारी ठेवल्याशिवाय निवाडा होत नाही. ती यादी करण्याचे काम कोणी तरुणाने हाती घ्यावे. नुसता हळहळीचा सूर लावून काही साधणार नाही.

अर्धा आकडा किती फसवा असतो, याचे याच रेल्वेमार्गावरचे उदाहरण प्रणव धनावडेचे आहे. ४ आणि ५ जानेवारी २०१६ रोजी कल्याणमध्ये भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यात रिक्षाचालकाच्या या मुलाने एका डावात नाबाद १,००९ धावा केल्या. १८९९ मध्ये इंग्लंडच्या ए. ई. जे. कॉलिन्सने केलेल्या नाबाद ६२८ धावांचा ११६ वर्षांचा विक्रम मोडला. संघाची धावसंख्या ३ बाद १,४६५. समोरचा संघ ३१ आणि ५२ धावांत गारद झाला. त्याच वर्षी मे महिन्यात पश्चिम विभागाच्या १६ वर्षांखालील संघात अर्जुन तेंडुलकरची निवड झाली, प्रणवची झाली नाही. मग मोबाइलवर एकलव्याचा अंगठा फिरू लागला. हजार धावा करणारा बाहेर आणि मोठ्या बापाचा मुलगा आत, असे ते चित्र होते. आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी ते पुढे पाठवले.

वस्तुस्थिती काय होती? विभागीय संघ हा राज्य संघटनांच्या संघांतून निवडला जातो. प्रणव त्या हंगामात मुंबईच्या १६ वर्षांखालील संघात नव्हता. त्याच्या विक्रमापूर्वीच तो संघ ठरला होता. म्हणजे विभागीय निवड समितीपुढे त्याचे नाव नियमाने येऊच शकत नव्हते. आता रिक्षावाल्याचा मुलगा आणि मुंबईचा संघ यांच्यामध्ये किट, प्रवास, क्लब आणि ओळखी यांची जी भिंत आहे, तिच्याविषयी बोलायचे तर जरूर बोला. ती भिंत खरी आहे. पण खोट्या पुराव्यावर खरा दावा लावला की दावाही जातो आणि दावेदाराची पतही जाते. पुढच्या वेळी खरोखर अन्याय होतो तेव्हा समोरचा हसून म्हणतो, यांचे नेहमीचेच आहे. बाबासाहेबांनी आयोगांपुढे आणि परिषदांपुढे जी निवेदने ठेवली त्यांत आकडे कसे तपासून मांडलेले असत हे आपण वाचले आहे. हजार धावांचे चित्र पुढे पाठवताना ती सवय कुठे जाते?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. क्रिकेटच्या प्रश्नमंजूषा बहुधा १९३२ पासून सुरू होतात, कारण २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. पहिला कर्णधार कोण, पहिला बळी कोणाचा, पहिले अर्धशतक कोणाचे, सारे तिथून. भारताचा पहिला थोर गोलंदाज तेव्हा ५६ वर्षांचा झाला होता. ते होते बाळू पालवणकर. जन्म १९ मार्च १८७६, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले पालवण. जात चांभार. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा, ही पहिली नोकरी. मग युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये. तिथे जे. जी. ग्रेग नावाच्या साहेबाला सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. फलंदाजी करायला मिळत नसे. ते काम साहेबांचे.

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाला संघात घेतले. मैदानावर बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण क्षेत्ररक्षक झेलत होते, परत फेकत होते. तोच चेंडू, तेच हात. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. ज्या जिल्ह्यात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले, त्या जिल्ह्याच्या माणसाला या मातीच्या भांड्याचा अर्थ फोडून सांगायला नको. धावफलकावर मात्र ते भांडे कुठेही दिसत नाही. तिथे फक्त नाव, षटके, धावा, बळी.

ते आकडे असे. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाचा दौरा वाईट झाला, तेवीसपैकी पंधरा सामने हरला. बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८. काही पुस्तकांत याच दौऱ्यातले त्यांचे बळी ७५ दिलेले असतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. ११४ हे सगळ्या सामन्यांतले, ७५ हे प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले. संपूर्ण कारकिर्दीत प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

इथे एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. प्रथम श्रेणी म्हणजे काय याची अधिकृत व्याख्या १९४७ मध्ये ठरली. त्याआधीचे कोणते सामने धरायचे आणि कोणते सोडायचे, हे नंतरच्या आकडेतज्ज्ञांनी बसून ठरवले. म्हणजे बाळूंच्या ज्या चेंडूवर १९०६ मध्ये एक साहेब बाद झाला, तो चेंडू ‘प्रथम श्रेणी’चा होता असे शिक्कामोर्तब करणारे लोक कितीतरी वर्षांनी आले. मुंबईतल्या त्या सामन्यांचे धावफलक इंग्रजी वर्तमानपत्रांत छापले जात होते म्हणून हे होऊ शकले. पुण्याच्या नेटमध्ये साहेबाला टाकलेले हजारो चेंडू कोणी मोजले नाहीत. ते गेले.

बाळूंना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच अधिकृतपणे मिळाले नाही. १९२० मध्ये आधी त्यांना वगळले, तेव्हा भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघात खेळण्याचे नाकारले. प्रकरण वाढले तेव्हा तडजोड म्हणून बाळूंना उपकर्णधार केले. १९२३ मध्ये मात्र विठ्ठल पालवणकर कर्णधार झाले आणि हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार सख्खे भाऊ हिंदू संघातून खेळले. ही दुर्मीळ नोंद किती प्रश्नमंजूषांत विचारली जाते? विठ्ठल यांनी १९४८ मध्ये मराठीत आत्मचरित्र लिहिले, ‘माझे क्रीडाजीवन’. ते पुस्तक नसते तर पुढच्या संशोधकांना कितीतरी गोष्टींचा माग लागला नसता.

आपल्यातले काही वाचक इथे भुवया उंचावतील, हे आम्हांस ठाऊक आहे. बाळू राजकारणात बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला होते. १९३२ मध्ये त्यांनी स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२०. हाही आकडा लपवायचे कारण नाही. उलट ज्या माणसाने आपल्याविरुद्ध निवडणूक लढवली त्याचे १७९ बळी आपण मोजून ठेवले, तर आपली वही इतरांच्या वहीपेक्षा स्वच्छ ठरते. दुसऱ्यांनी आपल्या माणसांना वगळले ही आपली तक्रार आहे. मग आपण मतभेदासाठी आपल्याच माणसाला वगळून कसे चालेल?

मोजणीबाहेर ठेवलेल्यांना पुन्हा मोजणीत आणता येते का? याचे उत्तर शोधायला अमेरिकेत जावे लागते. तिथल्या लोकांना बेसबॉलचे वेड आहे, आणि आपल्याकडे क्रिकेटचे आकडे चघळतात त्याहून अधिक ते बेसबॉलचे चघळतात. तिथे फलंदाजाची सरासरी हजाराच्या हिशेबात सांगतात. हजार संधींपैकी किती वेळा यशस्वी फटका बसला, ती संख्या. टाय कॉब नावाच्या गोऱ्या खेळाडूची कारकिर्दीची सरासरी ३६७ होती आणि ती जवळजवळ शतकभर सर्वोच्च मानली गेली. मुलांना ती तोंडपाठ असे.

पण त्या काळात काळ्या खेळाडूंना मुख्य लीगमध्ये प्रवेशच नव्हता. तसा लेखी कायदा नव्हता. आपल्याकडे मातीच्या भांड्याचा तरी कुठे लेखी कायदा होता? तेव्हा काळ्यांनी आपल्या वेगळ्या लीग उभ्या केल्या. पहिली टिकाऊ लीग, निग्रो नॅशनल लीग, रूब फॉस्टर यांनी १३ फेब्रुवारी १९२० रोजी कॅन्सस सिटीत स्थापन केली. तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच्या बरोबर तेरा दिवस आधी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला होता. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, हा निव्वळ योगायोग. पण दोन्हींच्या मागे गरज एकच होती. तुमच्या मैदानात जागा नाही, तुमच्या पानावर जागा नाही, तर मैदानही आमचे आणि पानही आमचे. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले, ते वाचकांना माहीत आहेच.

काळ्यांच्या लीगमधला सर्वांत बलाढ्य फलंदाज जॉश गिब्सन. २० जानेवारी १९४७ रोजी तो ३५ व्या वर्षी वारला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सनने मुख्य लीगमध्ये पाऊल टाकले आणि रंगाची भिंत पडली. भिंत पडली, पण वही तशीच राहिली. १९६९ मध्ये एका समितीने इतिहासातल्या सहा लीगना ‘मेजर’ म्हणजे मुख्य दर्जाच्या ठरवले. त्यांत काळ्यांची एकही नव्हती. गिब्सनच्या पराक्रमाला दंतकथा म्हणत राहिले.

दंतकथेचे दस्तऐवज झाले ते काळ्यांच्या वर्तमानपत्रांमुळे. पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर यांसारख्या पत्रांनी आपल्या संघांचे धावफलक त्या काळात छापले होते. संशोधकांनी वर्षानुवर्षे ती जुनी पाने धुंडाळून एकेक सामना जुळवला. डिसेंबर २०२० मध्ये मुख्य संघटनेने १९२० ते १९४८ या काळातल्या काळ्यांच्या सात लीगना मुख्य दर्जा दिला. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत वहीत चढले. गिब्सनची सरासरी निघाली ३७२. टाय कॉब दुसरा झाला. मेलेल्या माणसाने ७७ वर्षांनी विक्रम केला. विली मेज हा दुसरा थोर खेळाडू तेव्हा ९३ वर्षांचा, १९७३ मध्येच निवृत्त झालेला. १९४८ मध्ये काळ्यांच्या लीगमध्ये मारलेले त्याचे दहा फटके जमेस धरले गेले आणि त्याची एकूण संख्या ३,२८३ वरून ३,२९३ झाली. निवृत्तीनंतर एक्कावन्न वर्षांनी वाढलेली ही संख्या पाहून तीन आठवड्यांत तो वारला.

यात कोणी उपकार केले असे आम्ही मानत नाही. पाने होती म्हणून न्याय देणे भाग पडले. पाने नसती तर कितीही कळवळा असता तरी समितीने विचारले असते, पुरावा कुठे आहे?

आता आपल्या कर्जत-खालापुरात या. भात कापून शेते मोकळी झाली की पार पावसाच्या तोंडापर्यंत दोन्ही तालुक्यांत टेनिस चेंडूच्या स्पर्धांना खळ नसतो. सरपंच चषक, आमदार चषक, आणि एप्रिलमध्ये भीमजयंतीनिमित्त सामने. नेरळ, कडाव, कशेळे, चौक, खोपोली, कुठेही जा, मांडव आहे, कर्णे आहेत, समालोचक घसा फोडून षटकार सांगतो आहे. बौद्धवाडीची पोरे आहेत, आगरी पोरे आहेत, ठाकूरवाडी-कातकरवाडीची पोरे आहेत. सामना संपला की चषक मिळतो, फोटो निघतो. गुण मांडलेला कागद मात्र वडापावच्या कागदाबरोबर शेतात पडतो.

इथे आणखी एक गंमत आहे. वांगणी स्टेशन ठाणे जिल्ह्यात आणि पुढचे शेलू रायगडात. ठाण्याचे क्रिकेट मुंबई संघटनेशी जोडलेले आणि रायगड जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे. म्हणजे शेलूचा मुलगा पोटासाठी रोज मुंबईला जातो आणि निवड चाचणीसाठी त्याने घाट चढून जायचे. मधे एकच स्टेशन, पण खेळाचे दार दुसऱ्या दिशेला. त्या दारावर त्याला पहिला प्रश्न विचारतात, आतापर्यंत काय खेळलास? तो काय दाखवणार? चषकाबरोबरचा फोटो? आता टेनिस चेंडूच्याही मोठ्या लीग निघाल्या आहेत, २०२४ पासून तर लिलावात खेळाडू घेतले जातात. तिथेही आकडा असलेला पुढे जातो आणि नसलेला कोणाच्या तरी ओळखीवर अवलंबून राहतो. ओळख कोणाची असते, हे आपण जाणतोच.

म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जयंती मंडळाने, प्रत्येक वाडीच्या संघाने एक जाड पुठ्ठ्याची वही घ्यावी. प्रत्येक सामन्याची तारीख, मैदान, दोन्ही संघ, चेंडू कोणता, षटके किती हे वर लिहावे. खेळाडूचे पूर्ण नाव आणि गाव लिहावे. ‘पिंट्या’ आणि ‘बंटी’ लिहू नये, कारण तीस वर्षांनी पिंट्या कोण हे कोणी शपथेवर सांगू शकणार नाही. खाली दोन्ही गुणलेखकांनी सही करावी. मुलींचा सामना झाला तर तोही त्याच वहीत, त्याच शाईने. मोबाइलवर गुण मांडण्याची ॲप आली आहेत, ती जरूर वापरा. पण ती दुसऱ्याच्या मालकीची असतात आणि कंपनी बंद पडली की वहीही बंद पडते. वही विहारात किंवा गावच्या वाचनालयात ठेवावी, एक छायाप्रत दुसऱ्या ठिकाणी. पुराव्याच्या कायद्यात तीस वर्षे जुन्या आणि योग्य ताब्यातून आलेल्या दस्तावरची सही व हस्ताक्षर खरे धरण्याची मुभा न्यायालयाला आहे. आज लिहिलेली वही तीस वर्षांनी त्या वयाची होईल. न लिहिलेली कधीच होणार नाही.

आणि एक सूचना आपल्या दैनिकांना. जयंतीच्या मिरवणुकीच्या बातमीत पाहुण्यांची दहा नावे छापली जातात. त्यांतली चार कमी करून अंतिम सामन्याच्या धावफलकाला दोन बोटे जागा द्यावी. काळ्यांच्या पत्रांनी एवढेच केले होते.

यंदा भात कापून शेते मोकळी होतील तेव्हा पहिला चेंडू टाकण्याआधी वही आणली आहे का, हे मंडळाच्या अध्यक्षांनी विचारावे. वही शंभर-दीडशे रुपयांत येते. गुण मांडायला अक्षर चांगले असलेली एखादी दहावीची मुलगी वाडीत असतेच. तिला मांडवात खुर्ची द्या आणि वहीच्या पहिल्या पानावर गुणलेखक म्हणून तिचेही पूर्ण नाव लिहा.